लहान गावातली चार्टर शाळा : मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाला चार घरं जमली की चकली का बिघडली यावर बोलून होतं आणि मग ठरलेला विषय निघतो : "तुम्ही चार्टरचा फॉर्म भरताय का?" ज्यांची मुलं चौथी-पाचवीत आहेत त्यांचे कान लगेच टवकारतात. तीच उत्तरं मी व्हॉट्सअॅपवर इतक्यांदा टाइप केली आहेत की आता एकदाच सगळी नीट लिहून ठेवते. यातलं सगळं मॅसॅच्युसेट्सपुरतं, त्यातही बॉस्टनबाहेरच्या छोट्या गावांपुरतं आहे. चार्टरचा कायदा प्रत्येक राज्यात वेगळा असतो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचा अनुभव इथे लावायला जाऊ नका.

चार्टर म्हणजे खासगी शाळा का? फी किती?

फी शून्य. शाळा सरकारी पैशावर चालते आणि सर्वांना खुली असते. फरक इतकाच, की ती गावाच्या स्कूल कमिटीच्या हाताखाली नसते. तिचं स्वतःचं विश्वस्त मंडळ असतं आणि राज्याचं शिक्षण मंडळ तिला पाच वर्षांचा परवाना देतं. त्या परवान्यालाच चार्टर म्हणतात. पाच वर्षांनी हिशेब मागितला जातो, आणि काम पटलं नाही तर परवाना जातोसुद्धा. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी थोडंफार साम्य आहे : संस्था वेगळी, पगार सरकारी पैशातून. फक्त इथे देणगीचं पाकीट नाही आणि "ओळख आहे का कुणाची" हेही नाही.

अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. मॅसॅच्युसेट्सने १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यात ही सोय आणली आणि १९९५ मध्ये इथल्या पहिल्या शाळा उघडल्या. 'होरेस मॅन चार्टर' नावाचा एक उपप्रकारही आहे. तो स्थानिक डिस्ट्रिक्टच्या (गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) संमतीने चालतो, पण लहान गावात तो तुमच्या वाटेला सहसा येणार नाही.

सगळ्या चार्टर शाळा गणित-विज्ञानाच्याच असतात का?

आपल्या मंडळींचा हा समज मार्लबरोच्या अॅडव्हान्स्ड मॅथ अँड सायन्स अकॅडमीमुळे झालाय. सगळे तिला 'अॅम्सा' म्हणतात. २००५ मध्ये सुरू झाली, सहावी ते बारावी, गणित आणि कॉम्प्युटर सायन्सवर भर, भारतीय मुलंही बरीच. पण डेव्हन्सला, जुन्या लष्करी तळाच्या जागेवर, फ्रान्सिस पार्कर चार्टर आहे. ती पहिल्या तुकडीतली, १९९५ ची. तिथे ए-बी-सी ग्रेड नाहीत. मुलं आपल्या कामाची फाइल तयार करतात, ती शिक्षकांसमोर मांडतात आणि तयारी झाली की पुढच्या टप्प्यावर जातात. केप कॉडवरच्या स्टर्जिसमध्ये सगळ्यांनाच आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरही एक छोटी चार्टर आहे. तेव्हा "चार्टरला घालायचंय" हे वाक्य "हॉटेलात जेवायचंय" इतकंच मोघम आहे. कुठल्या, ते आधी ठरवा.

मुलगी हुशार आहे, ऑलिम्पियाडमध्ये बक्षीस आहे. त्याचा उपयोग होईल?

नाही. प्रवेशपरीक्षा घेणं, मार्क बघून निवडणं, इंग्रजी कच्चं म्हणून नाकारणं, यातलं काहीच कायद्याला मान्य नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. आरटीईच्या पंचवीस टक्क्यांची सोडत आठवा, फक्त इथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरच नंबर काढतो, पण मी पाहिलेली पहिली सोडत हाताने काढलेली होती. शाळेचं कॅफेटेरिया, डबा खायची लांबलचक टेबलं, त्यांच्या बाकांवर कोट न काढताच बसलेले आईबाप. पुढे शाळेशी काही संबंध नसलेल्या एक बाई हाऊजीसारखा जाळीचा पिंजरा फिरवत होत्या. नाव नाही, नुसता अर्जाचा नंबर. आमचा नंबर आला तेव्हा जागा संपून अर्धा तास झाला होता. प्रतीक्षायादीत ४१वा. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ प्रत्येक नंबर वहीत लिहून घेत होते. कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सोडतीत आधी कुणाचा नंबर लागतो?

आधी शाळेत शिकत असलेल्या मुलांची भावंडं. मग शाळेच्या हद्दीतल्या गावांतले रहिवासी. मग उरलेलं राज्य. इथेच बहुतेकांची गफलत होते. अॅम्साच्या हद्दीत चार गावं आहेत : मार्लबरो, हडसन, मेनर्ड आणि क्लिंटन. आपली मराठी माणसं बघाल तर श्रूसबरी, वेस्टबरो, अॅक्टन. घरापासून शाळा पंधरा मिनिटांवर असली तरी तुम्ही तिसऱ्या रांगेत. हद्दीतली मुलं संपल्याशिवाय तुमचा नंबर लागणार नाही.

म्हणून काही जण हडसनला किंवा मार्लबरोला भाड्याने घर घेतात. घ्या, गावं छान आहेत. पण भाडेकरार अर्जाच्या वेळी हातात हवा आणि तुम्ही खरंच तिथे राहत असायला हवं. मामाच्या पत्त्यावर अर्ज भरायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडून पुढे कुठलाच सल्ला घेऊ नका.

भावंडांचं गणितही आधीच करा. समजा सहावीत १५० जागा आहेत आणि त्यातल्या ५० भावंडांना गेल्या. मग तुमच्यासाठी शाळा १०० जागांची आहे. माहितीपत्रात १५० च लिहिलेलं असेल. शाळेत फोन करून "गेल्या वर्षी भावंडं सोडून किती जागा होत्या?" एवढं विचारायचं. सांगतात.

अर्ज कधी भरायचा?

बहुतेक शाळा शरद ऋतूतच अर्ज घ्यायला लागतात. मुख्य फेरीची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आधी ठेवता येत नाही आणि ती फेरी १५ मार्चपर्यंत संपवावी लागते. तेव्हा डिसेंबरात भारतात जाताय तर अर्ज भरूनच विमानात बसा. परत येऊन जेट लॅग उतरेपर्यंत तारीख गेलेली असते.

आम्ही एच-वन-बी वर आहोत. मुलांना चालेल का?

चालेल. शाळेने व्हिसा विचारायचाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यापासून हा प्रश्न मिटलेला आहे. राहत्या जागेचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाचा कागद जवळ ठेवा.

प्रतीक्षायादीत नंबर लागलाय. पुढच्या वर्षी आपोआप वर सरकेल ना?

नाही, नाही, नाही. तीनदा लिहिलं, कारण यात मी स्वतः आपटले आहे. यादी त्या एका शैक्षणिक वर्षापुरतीच असते. पूर्वी काही शाळांत ती पुढे चालायची, २०१४ च्या सुमारास तो नियम बदलला. मला जुन्या पालकांनी जुनाच नियम सांगितला, मी निवांत बसले आणि मार्चमध्ये फोन केला तर आमचं नाव कुठेच नाही. चूक माझीच. दरवर्षी नवा अर्ज, नवी सोडत, नवा नंबर. गेल्या वर्षी ४१ होता म्हणून यंदा २० होईल असं काही नसतं.

यादी सरकते ती दोन वेळा : मार्च-एप्रिलमध्ये, लोक दोन-तीन ठिकाणच्या जागांतली एक धरून बाकीच्या सोडतात तेव्हा, आणि ऑगस्टच्या अखेरीस, घरं बदललेली असतात तेव्हा. वर्ष सुरू झाल्यावर जागा रिकामी झाली तर १५ फेब्रुवारीपर्यंत ती भरायचं बंधन शाळेवर आहे, पण वरच्या अर्ध्या इयत्तांना आणि दहावी-अकरावी-बारावीला हे बंधन नाही. म्हणजे सहावी-सातवी-आठवीत आशा ठेवायला जागा आहे. अकरावीसाठी यादीत थांबण्यात अर्थ नाही.

शिवाय "हजारो मुलं प्रतीक्षायादीत" अशी बातमी वाचलीत तर लक्षात ठेवा, एकाच मुलाचं नाव तीन यादींत असू शकतं. राज्य म्हणूनच दुबार नावं काढून वेगळी संख्या देतं.

चार्टरचे निकाल गावच्या शाळेपेक्षा चांगलेच असतात ना?

या प्रश्नाला मी थोडा वेळ घेते, कारण इथे आपण भारतीय पालक हमखास फसतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सची पाहणी केली. चार्टरमधली मुलं एका वर्षात वाचनात सुमारे दीड महिना आणि गणितात अडीच महिने जास्त शिकल्यासारखं दिसलं. बॉस्टन शहरात तर हा फरक वाचनात बारा आणि गणितात तेरा महिन्यांच्याही पुढे गेला. हे आकडे फिरत फिरत आपल्या ग्रुपवर येतात आणि बॉस्टन हा शब्द वाटेत गळून पडतो.

आता दुसरी बाजू. एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक, आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्तोफर वॉल्टर्स, यांनी सोडतीचाच उपयोग मोजपट्टीसारखा करून घेतला. (अँग्रिस्टना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) कल्पना साधी आहे. फॉर्म भरणारे पालक मुळातच जागरूक असतात, मग चार्टरच्या मुलांची तुलना गावातल्या सगळ्या मुलांशी करून काय कळणार? त्याऐवजी सोडत जिंकलेल्यांची तुलना हरलेल्यांशी करा. दोघांचे आईबाप कॅफेटेरियात कोट घालून बसलेलेच होते, फरक फक्त पिंजऱ्यातल्या गोळीचा. २०१३ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की या राज्यातल्या शहरी चार्टर मुलांचे गुण ठळकपणे वाढवतात, शहराबाहेरच्या चार्टरमध्ये तसा फायदा दिसत नाही, आणि मधल्या इयत्तांत तर गुण उलट घटलेले दिसले.

कारणंही समजण्यासारखी आहेत. शहरातल्या त्या शाळांचा दिवस मोठा, शिस्त कडक, शिकवण्या भरपूर, आणि मुलं ज्या शाळा सोडून येतात तिथली परिस्थिती अवघड. आपल्या छोट्या गावाची साधी सरकारी शाळा मुळातच बरी असते. तिथून उचलून दुसरीकडे नेलं म्हणून मूल आपोआप पुढे जाईल असं नाही. ही सरासरी आहे, हे मान्य. एखादी शाळा सरासरीपेक्षा फार वेगळी असेलही. पण निकालाच्या तक्त्यात चार्टर वर दिसली की ते शाळेचं कर्तृत्व की फॉर्म भरणाऱ्या घरांचं, हे तो तक्ता सांगत नाही.

मला विचाराल तर चार्टर घ्यावी ती शिकवण्याच्या पद्धतीसाठी. मुलाला रोज कोडिंग आवडणार असेल, किंवा ग्रेडच्या धाकाशिवाय ते फुलणार असेल, तर जरूर. "रँक वर आहे" एवढ्यावर नको.

मग एमकॅसचे आकडे वाचायचे तरी कसे?

एमकॅस ही राज्याची परीक्षा. तिसरी ते आठवी आणि दहावीत भाषा आणि गणित, मधे विज्ञान. गुण ४४० ते ५६०, आणि ५०० म्हणजे अपेक्षेइतकं. (दहावीची एमकॅस पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही, ही अट २०२४ च्या जनमतात मतदारांनी काढून टाकली. परीक्षा मात्र आहेच.)

लहान शाळेचा आकडा वाचताना आधी मुलं किती ते बघा. इयत्तेत ४० मुलं असली तर एक मूल म्हणजे अडीच टक्के. चार मुलांना त्या आठवड्यात फ्लू झाला, दोन हुशार मुलांची कुटुंबं टेक्ससला गेली, की शाळा "घसरली". पुढच्या वर्षी तीच "सुधारली". गटात दहापेक्षा कमी मुलं असतील तर राज्य आकडा छापतच नाही. तिथे रिकामी चौकट दिसते, ती शाळेची लपवाछपवी नव्हे. निदान तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणि प्रगतीचा वेगळा रकाना असतो, तो बघाच. गेल्या वर्षी तुमच्या मुलाइतकेच गुण असलेल्या राज्यातल्या मुलांच्या तुलनेत ते यंदा किती पुढे सरकलं, हे त्यात कळतं. ५० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण वेग. ज्या शाळेचे गुण उंच आणि प्रगती पंचेचाळिशीत, तिथे हुशार मुलं येतात आणि तशीच बाहेर पडतात. माझ्या मते हा एकच आकडा बघायला वेळ असेल तर हाच बघावा.

सहावीत वर्ग भरलेले आणि बारावीत निम्मे रिकामे, असं का?

आठवीनंतर पुष्कळ मुलं जातात. कुणाला फुटबॉलची टीम हवी असते, कुणाला मार्चिंग बँड, कुणाला असाबेट व्हॅलीसारखं तांत्रिक हायस्कूल. कुणाला अभ्यासाचा बोजा झेपत नाही. वरच्या वर्गातल्या रिकाम्या जागा भरायचं बंधन नसल्याने पट उतरतो. म्हणून बारावीचा उत्तम निकाल बघताना सहावीत ही तुकडी किती होती तेही बघा, दोन्ही संख्या राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात. शाळेला भेट द्याल तेव्हा थेट विचारा, "सोडून गेलेली मुलं कुठे गेली?" उत्तर देताना मुख्याध्यापक किती मोकळे होतात, त्यावरून बरंच कळतं.

बस मिळते का?

शाळा ज्या गावात आहे तिथल्या मुलांना त्या गावाने बस द्यायची असते. बाकीच्यांचं शाळेवर अवलंबून. हद्दीबाहेरून येणार असाल तर सकाळी सव्वासातला बर्फातून गाडी काढायची तयारी ठेवा. सात वर्षं.

मुलाचा आयईपी (विशेष गरजेच्या मुलासाठी लिहून दिलेला शिक्षण-आराखडा) आहे. चार्टर घेईल का?

घ्यावंच लागेल, आणि आयईपीही पाळावा लागेल. पण छोट्या शाळेत स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस येणारा असू शकतो. प्रवेश निश्चित करायच्या आधी आयईपीचा कागद समोर ठेवून "यातलं कोण करणार, कोणत्या वारी?" असं विचारा. मुलाला खास दुसऱ्या संस्थेत ठेवायची गरज पडली तर जबाबदारी परत तुमच्या गावाच्या डिस्ट्रिक्टकडे येते.

चार्टरचं नाव काढलं की शेजारी गप्प का होतात?

पैसा. तुमचं मूल चार्टरला गेलं की त्याच्यामागचा खर्च गावाला मिळणाऱ्या राज्याच्या मदतीतून वळता होतो. गावांना दरवर्षी राज्याकडून देण्याघेण्याचा तक्ता येतो, त्याला 'चेरी शीट' म्हणतात, कारण पूर्वी तो चेरीच्या रंगाच्या कागदावर छापत. त्यात चार्टर ट्यूशनची एक ओळ असते, आणि बजेटच्या दिवसांत टाउन मीटिंगला, म्हणजे गावकऱ्यांच्या सभेला, सगळ्यांचं बोट त्याच ओळीवर.

मोठ्या शहराला हे पचतं. लहान गावाचं दुखणं वेगळं. समजा गावातून साठ मुलं गेली. ती काही एका वर्गातून जात नाहीत, बालवाडी ते बारावी अशी विखुरलेली असतात. दर इयत्तेत चार-पाच कमी. म्हणून एक शिक्षक कमी करता येत नाही, बॉयलर बंद करता येत नाही, बस तीच, फेरी तीच. पैसे मात्र साठ मुलांचे गेले. ज्यांनी गावाकडे झेडपीची वीसच्या खाली पट गेलेली शाळा टिकवायची धडपड पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

राज्य काही भरपाई देतं. २०१९ च्या कायद्यानुसार वाढलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी शंभर टक्के, दुसऱ्या वर्षी साठ, तिसऱ्या वर्षी चाळीस, मग काही नाही. आणि कमाल मर्यादा आहे : गावाच्या शालेय खर्चाच्या ९ टक्क्यांवर चार्टरकडे जाऊ शकत नाही. राज्यातल्या सर्वांत कमी निकालाच्या डिस्ट्रिक्टना ती १८ टक्के. २०१६ मध्ये वर्षाला बारा नव्या चार्टर उघडू द्याव्यात असा प्रस्ताव जनमताला आला आणि ६२ विरुद्ध ३८ टक्क्यांनी पडला. ज्या गावांत एकही चार्टर नव्हती, तिथेही लोकांनी विरोधात मत दिलं.

यात तुम्ही गुन्हेगार नाही, शेजारीही दुष्ट नाहीत. टाउन मीटिंगला जाऊन बसा एकदा. नागरिक नसाल तर मत देता येणार नाही, पण ऐकता येतं. अगदी ग्रामसभा. माइकपुढे रांग, घड्याळ लावून तीन मिनिटं, आणि मागच्या रांगेत स्वेटर विणणाऱ्या आजी.

म्हणजे गावच्या शाळेचा पट चार्टरमुळेच उतरतोय?

एकट्या चार्टरमुळे नाही. या राज्यात मुलंच कमी जन्माला येताहेत, आणि घरांच्या किमती अशा, की लहान मुलं असलेल्या जोडप्याला घर घेणं जड. वर तांत्रिक हायस्कूल आहेत. शिवाय 'स्कूल चॉइस' आहे : शेजारचं गाव जागा असल्यास तुमचं मूल घेऊ शकतं, आणि त्यासाठी तुमच्या गावाकडून साधारण ५,००० डॉलर जातात, म्हणजे चार्टरपेक्षा बरेच कमी. ही सोय आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. सोडत हरलात तर तीही बघा.

चार्टर नाही आवडली तर परत येता येतं?

कधीही, वर्षाच्या मधेही. गावाच्या शाळेला तुमचं मूल घ्यावंच लागतं. फक्त चार्टरमधली जागा गेली ती गेली, परत हवी तर पुन्हा फॉर्म.

तुमच्या मुलीचं शेवटी काय झालं?

तिसऱ्या वर्षी अर्ज वेळेवर भरला. नंबर नववा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी पोळ्या करत असताना फोन आला : आठवीत एक जागा आहे, उद्या दुपारपर्यंत सांगा. मुलगी तोपर्यंत गावच्या शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागली होती आणि तिची आख्खी टोळी तिथेच होती. रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. नवरा आकडे घेऊन, मी माहितीपत्र घेऊन. ती म्हणाली, "आई, तुम्ही हे तीन वर्षं करताय, मला कुणी विचारलंच नाही."

सकाळी नऊला मी नाही म्हणून कळवलं. पलीकडच्या बाई "थँक यू" म्हणाल्या आणि लगेच फोन ठेवला. यादीतल्या दहाव्या घरी पुढच्या मिनिटाला रिंग वाजली असणार.